‘स्पेस व्हेलॉसिटी’ला ‘अवकाश वेग’ म्हणावे का?

ऐरोलीहून एकांनी विचारले आहे : डिझेल हायड्रोट्रीटरच्या (हायड्रोजनच्या साहाय्याने डिझेलमधले गंधक काढणाऱ्या संयंत्राच्या) गणिती मॉडेलवर ऑपरेटरांसाठी मराठी पुस्तिका लिहितो आहोत, ‘स्पेस व्हेलॉसिटी’ला ‘अवकाश वेग’ चालेल का?

माझ्या मते अजिबात नको. ‘वेग’ म्हटले की शाळेतले मीटर प्रति सेकंद आणि दिशा आठवते. इथे एकक आहे ‘प्रति तास’, दिशेचा संबंधच नाही. शिवाय ‘अजून अवकाश आहे’ असे आपण वेळेबद्दल बोलतो, त्यामुळे गोंधळ दुप्पट. ही राशी म्हणजे तासाला येणाऱ्या फीडचे (आत येणाऱ्या तेलाचे) आकारमान भागिले उत्प्रेरकाचे आकारमान. रिॲक्टरमध्ये २०० घनमीटर उत्प्रेरक आणि तासाला ३०० घनमीटर फीड असेल, तर ती १.५ प्रति तास. हा सरळ दर आहे. म्हणून ‘आकारमान-दर’ लिहा आणि पहिल्या उल्लेखाशेजारी ‘एलएचएसव्ही’ (लिक्विड अवरली स्पेस व्हेलॉसिटी) द्या, कारण कंट्रोल रूममध्ये तोच शब्द चालतो.

याला ‘वस्तुमान-दर’ (आकारमानांऐवजी वस्तुमानांचा भागाकार) ही जोडीही मिळते, आणि ती हवीच. वरच्याच उदाहरणात फीडची घनता ०.८५ आणि उत्प्रेरकाची कणांमधल्या पोकळीसह घनता (बल्क डेन्सिटी) ०.८० टन प्रति घनमीटर धरली, तर २५५ भागिले १६०, म्हणजे सुमारे १.५९. नुसते ‘अवकाश वेग’ लिहिले तर यातला कोणता आकडा मॉडेलमध्ये घालायचा?

व्याख्येत दोन गोष्टी स्पष्ट लिहा. फीडचे आकारमान १५ अंश सेल्सिअसला आणलेले असावे. ६० अंशांवरचे मीटर-वाचन तसेच घेतले तर दर साधारण साडेतीन टक्के फुगतो. त्यावर मॉडेल ट्यून केले की उत्प्रेरक आहे त्याहून तल्लख ठरतो; पुढे १५ अंशांचे आकडे दिले की मॉडेल तापमान कमी सुचवते आणि डिझेलमधले गंधक १० पीपीएमच्या वर सरकते. बीएस-६ची, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनची, मर्यादा तेवढीच आहे. दुसरे, उत्प्रेरकाच्या आकारमानात वरखालचे निष्क्रिय सिरॅमिक गोळे धरू नका. धरले तर दर कमी येतो, आणि पायलट प्लांटशी (छोट्या चाचणी संयंत्राशी) ताडताना चांगला उत्प्रेरकही मंद दिसतो.

या दराचा व्यस्त, इथे ४० मिनिटे, ‘वास्तव्यकाळ’ म्हणून छापू नका. बेडमधली, म्हणजे उत्प्रेरकाच्या थरातली, बरीच जागा उत्प्रेरकाच्या कणांनी व्यापलेली असते, उरलेल्या पोकळीतून तेलासोबत हायड्रोजनही वाहतो. तेल प्रत्यक्षात त्याहून बरेच लवकर बाहेर पडते. तिथे ‘व्यस्त आकारमान-दर’ हेच बरोबर.