कॉलेजच्या अंकासाठी लिहिलेला पहिला खर्डा कसा सुधारायचा? किती वेळा लिहायचा?

प्रश्नाखाली तू लिहिलंयस की एस. वाय.ला आहेस, लेख वाचलेले मित्र ‘मस्त झालाय, हात लावू नको, ओरिजिनलपणा जाईल’ म्हणतात, आणि तुला स्वतःला मात्र तो दुसऱ्यांदा वाचवत नाही. मित्रांचं ते वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. हेच वाक्य मी 2010 साली नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका टपरीवर ऐकलंय, आणि त्याचा भुर्दंड माझ्या वडिलांना पडलाय.

किती वेळा? तीनदा समज. आता पुढचं वाच.

मी ओझरच्या पुढच्या एका गावचा, द्राक्षवाल्यांच्या घरातला. कॉलेजसाठी नाशिकला खोली करून राहायचो. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. वादळ कोकणच्या किनाऱ्याला, पाऊस आमच्या बोकांडी. ऑक्टोबर छाटणीचे प्लॉट ऐन फुलोऱ्यात होते. अशा वेळी पाऊस म्हणजे काय हे द्राक्षवाल्याला सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की घड कुजतात, मणी गळतात, आणि डावणीचे (हा बुरशीचा रोग) तेलकट डाग पानावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

जानेवारीत वार्षिकांकासाठी साहित्य मागवलं. मी सावानात बसून एका बैठकीत सात पानं लिहिली. (सार्वजनिक वाचनालय, 1840 पासूनचं. तिथे बसलं की आपण लेखक आहोत असं उगाचच वाटतं.) सुरुवात काय, तर ‘निसर्गाचा लहरीपणा बळीराजाच्या पाचवीलाच पुजलेला’. शेवट काय, तर नाना, म्हणजे माझे वडील, भर पावसात बागेत उभे, नजर आभाळाकडे, आणि गालावरचं पाणी पावसाचं की डोळ्यांचं ते कळत नाही. हे लिहिताना मी खरोखर रडलो होतो. म्हणजे लिहिलेलंही खरंच असणार, असा माझा हिशोब.

मराठीच्या मॅडमनी सातही पानं वाचली. पेन्सिल हातात होती, पण एक खूण केली नाही. विचारलं, “त्या दिवशी वार कोणता होता?”

मला सांगता येईना.

“तू कुठे होतास?”

“नाशिकला. खोलीवर.”

“मग हे कोणी पाहिलं?” आणि पानं परत दिली.

रात्री घरी फोन लावला. नाना म्हणाले, “थांब, वही बघतो.” म्हणजे फवारणीची वही. कोणत्या दिवशी, कोणत्या प्लॉटला, काय मारलं, किती मारलं, सगळं तिच्यात. एक्स्पोर्टला माल द्यायचा तर ती लागतेच, पण नाना त्याच्याही आधीपासून लिहायचे. त्यांनी वाचून दाखवलं: “अकरा तारीख. बुधवार. प्लॉट दोन. एम-45. दीड टाकी. डिझेल संपलं.”

“मग?”

“मग काय. क्यान घेऊन गाडीवर ओझरला गेलो. पंपावर ही लाइन, समदं गाव तिथंच. रातच्या साडेअकराला माघारी आलो. फवारणीचा ब्लोअर जोडला तं ट्रॅक्टर रुतला.”

मी विचारलं, “रडलात का हो त्या दिवशी?”

फोनवर थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, “कवा रडणार?”

माझ्या सात पानांत पंप नव्हता, क्यान नव्हता, वही नव्हती. जे होतं ते शाळेतल्या निबंधातलं, दिवाळी अंकांतलं आणि सिनेमातलं. ‘पहिल्या झटक्यात उतरतं तेच आपलं’ असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळे. पहिल्या झटक्यात उतरतं ते सगळ्यात जास्त दुसऱ्यांचं असतं. डोक्यात जी वाक्यं तयार पडलेली असतात तीच आधी धावत येतात. आपलं असतं ते मागे कुठेतरी, आणि ते आणायला फोन करावा लागतो, वही बघावी लागते.

मी पुन्हा लिहिलं. डिझेलपासून सुरुवात केली. दुसऱ्या खर्ड्यात बळीराजा शिल्लक होता, तिसऱ्यात गेला. आभाळ सोडवत नव्हतं, ते चौथ्यात काढलं. अडीच पानं उरली. मॅडम म्हणाल्या, “आता छाप.”

अंकाचा विद्यार्थी संपादक माझा रूम पार्टनर होता. पहिला आणि शेवटचा, दोन्ही खर्डे त्याने वाचलेले. टपरीवर मला म्हणाला, “हात लावलास आणि मारलंस रे त्याला. पहिल्यात आग होती.” तासभर भांडलो. शेवटी तो म्हणाला, “बरं बाबा, तुझा लेख आहे.” मला वाटलं, मिटलं.

27 फेब्रुवारीला, तात्यासाहेबांच्या जयंतीला, प्रकाशन झालं. (कुसुमाग्रजांना नाशकात तात्यासाहेबच म्हणतात.) पान 41 उघडलं तर बळीराजा. डीटीपीला पहिला खर्डा गेला होता. चुकून नाही, त्यानेच दिला होता. वर म्हणतो, “नंतर मला थँक्यू म्हणशील.”

आता मेख अशी, की घरी मी आधीच सांगून ठेवलं होतं आणि नानांनी गावभर. अंक गावात पोहोचला, कोणीतरी पारावर मोठ्याने वाचला. पुढे कित्येक महिने, ‘काय नाना, पावसात रडले म्हणं तुम्ही!’ त्या रात्री त्यांच्यासोबत पंपाच्या लाइनीत उभी असलेली माणसंच ते ऐकत होती. त्यांना माहीत होतं नाना कुठे होते ते. नाना मला चकार शब्द बोलले नाहीत.

तर तुझा खर्डा. चार-पाच दिवस त्याच्याकडे बघू नकोस. मग मोठ्याने वाच, दार लावून. जिथे आवाज आपोआप भाषणासारखा चढतो तिथे थांब, ते वाक्य बहुतेक उसनं आहे. त्याच्यापुढे समासात एक प्रश्न लिही: कोणी पाहिलं, कधी, कुठे, हातात काय होतं? उत्तर मिळालं तर ते लिही. नाही मिळालं तर वाक्य काढ, कितीही देखणं असो. खाडाखोड करत बसण्यापेक्षा कोऱ्या कागदावर पहिल्यापासून लिहिलेलं बरं. नको असलेलं पुन्हा लिहिण्याचा हाताला कंटाळा येतो आणि ते आपोआप गळतं.

शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. मी आता मुद्रितशोधन करून पोट भरतो, ‘कवी’चा वी दीर्घ आणि ‘कविसंमेलन’मधला वि ऱ्हस्व हे दिवसातून दहादा करतो, तरी सांगतो, शेवटी. जे वाक्य उद्या काढायचंय त्याची वेलांटी आज कशाला नीट करायची? एआयला ‘सुधारून दे’ म्हणायचा मोह होईल. वाक्य गुळगुळीत करून देईल ते. पंपावर कोण गेलं होतं हे त्याला कुठून कळणार?

हं, कवितेचं वेगळं असू शकेल. मी कविता लिहीत नाही, त्यामुळे तिथे माझं ऐकू नकोस. आणि अंकाची तारीख उद्यावर असेल तर पहिला परिच्छेद उडवून दे आणि पाठवून मोकळं हो. शिवाय सगळेच मित्र माझ्या पार्टनरसारखे नसतात, हेही कबूल. तो आता पुण्यात जाहिराती लिहितो. एका ओळीसाठी चाळीस ओळी लिहून फेकतो, हे त्यानेच गेल्या गेट-टुगेदरला सांगितलं. मी म्हणालो, “मग पहिलीच का देत नाहीस क्लायंटला? आग असते ना तिच्यात?” तर हसला आणि म्हणाला, “ते वेगळं रे.” काय वेगळं, ते त्याने अजून सांगितलेलं नाही. इथे वाचत असेल तर खाली लिहावं.

आणि अंकाच्या दोन प्रती घे. आमच्या घरी एकच आहे. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना सापडला, फवारणीच्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात. पान 41 वर, ‘आभाळाकडे बघत उभे होते’ या ओळीवर निळ्या पेनाची आडवी रेघ आहे आणि वर नानांच्या अक्षरात लिहिलंय: ‘ओझरला होतो. डिझेल.’