संध्याकाळ जिथे सोपी जाईल, ते गाव निवडा

पत्र:

ताई, माझं वय 45. नाशिकला एका सहकारी बँकेत नोकरी करते. 19 वर्षांच्या संसारानंतर गेल्या ऑगस्टमध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलगी पुण्याला शिकते. जानेवारीत आठ दिवसांची रजा मिळतेय आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीने कुठेतरी जायचं मी ठरवलंय. थंडी नको, ती इथे पुरे झाली. ऊन हवं, समुद्र हवा. पण गाव ठरत नाही. मैत्रीण म्हणते बाली किंवा अंदमान. भाऊ म्हणतो, बायकांच्या ग्रुप टूरबरोबर जा, निदान सोबत तरी असेल. वहिनी म्हणते मालवण, आपली भाषा, आपली माणसं. मुलगी म्हणते, आई, गोव्यालाच जा आणि दाखवून दे. (लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा गोव्यालाच गेलो होतो.) आई रोज एकच म्हणते, एकटीने कशाला जायचं, लोक काय म्हणतील. आजवर प्रवासात तिकिटं, खोलीची किल्ली, पैसे सगळं नवऱ्याकडे असायचं. माझ्याकडे डबे आणि मुलीचे स्वेटर. भेटेल त्याला उत्तरं देऊन दमलेय मी. आणि भीती एवढीच, की तिथे जाऊन खोलीत रडतच बसले तर?
– एक वाचक, नाशिक

उत्तर:

तुमच्या पत्रात गावं सगळ्यांनी सुचवलीत, तुम्ही सोडून. तुमचं स्वतःचं म्हणावं असं वाक्य एकच आहे: भेटेल त्याला उत्तरं देऊन दमलेय मी. मी गाव त्या वाक्यावरून निवडणार आहे.

आधी एक गोष्ट सांगते. सकाळची काळजी करू नका. समुद्राकाठी सकाळ सहज जाते. फिरून यावं, चहा घ्यावा, पेपर चाळावा, ऊन चढतं. अवघड असते ती संध्याकाळ, साडेसहा ते साडेनऊची. शेजारची टेबलं भरायला लागतात, कुणाची पोरं पळत असतात, कुणी जोडीने फोटो काढत असतं, आणि वेटर विचारतो, आणखी कोणी येणारंय का मॅडम? एकट्याने गेलेल्या बायकांची जी पत्रं माझ्याकडे येतात, त्यांतही रडू कोसळल्याची वेळ बहुतेक हीच असते. म्हणून पहिल्या सहलीचं ठिकाण फोटो बघून ठरवू नका. अंधार पडल्यावर तिथे एकटीला पायी हिंडता येतं का, रस्त्यावर उजेड आणि माणसं असतात का, एकट्या माणसाने टेबलावर बसून निवांत जेवणं तिथे रोजचं आहे का, ते आधी विचारा. दिवसा पाहण्यासारखं काय आहे, ते नंतर.

बाली तर कसोटीआधीच गळतं, कारण जानेवारी हा तिथला भर पावसाळा. ऊन शोधायला निघालेल्या बाईने तिथे जाऊ नये. अंदमान सुंदर आहे, पण जानेवारीत तिथे सव्वापाचच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे संध्याकाळ केवढी लांब होते बघा. शिवाय लग्नाच्या हंगामात बोटीपासून हॉटेलपर्यंत नवी जोडपी भेटतील. पुढे कधीतरी जरूर जा, सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय राहू नका. यंदा नको.

भावाच्या बोलण्यातली काळजी मला दिसते. बायकांच्या टूर महाराष्ट्रात चांगल्या रुळल्या आहेत आणि अनेकींना त्यांनी घराबाहेर काढलंय. पण एकटीसाठी वेगळी खोली मागितली तर जादा पैसे भरावे लागतात, नाहीतर अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्यावी लागते. ती बाई कितीही चांगली असली तरी पहिल्याच रात्री दिवा मालवल्यावर विचारणार, मिस्टर काय करतात? मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मालवणवर मात्र मी बराच विचार केला. जानेवारीत कोकणासारखं सुख नाही. समुद्र शांत असतो, सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जाता येतं, तारकर्लीला पाण्याखालचं जग दाखवणारे आहेत, रात्री कुठल्या ना कुठल्या देवळात दशावतार रंगलेला असतो. घरगुती खोल्या स्वच्छ, सुरमईचं ताट आणि सोलकढी समोर. पण तिथल्या घरमालकीणबाई जीव लावतात, आणि जीव लावणारं माणूस विचारतंच. ‘एकट्याच इलात? मिस्टर खंय असतत?’ यात वाईट हेतू कणभरही नसतो, पण उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल, तेही तुमच्याच भाषेत, जिच्यात विषय टाळणं सगळ्यात कठीण. एखादीला हेच हवं असतं, कुणीतरी आपल्या भाषेत विचारावं आणि आपण भडाभडा बोलावं. तुमच्या पत्रावरून तुम्हाला सध्या ते नकोय. वहिनीला सांगा, पुढच्या वर्षी मालवणला दोघी जाऊ.

गोव्याबद्दल मुलीशी मी सहमत नाही. तिचा उत्साह खरा आहे, पण ‘दाखवून देणं’ हे फार दमवणारं काम आहे आणि तुम्ही आधीच दमलेल्या आहात. गोवा कुठे जात नाही. एक दिवस तुम्हाला नुसती फिशकरी खायला तिथे जावंसं वाटेल, तेव्हा जा.

माझं मत वर्कला. केरळात, तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला, रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. ईशान्य मोसमी पाऊस तोवर सरलेला असतो. दुपारी तापमान तिशीच्या थोडं वर, रात्री बाविसेक अंश. स्वेटर घरीच ठेवा. समुद्राला लागून जांभ्या दगडाचा उंच तांबडा कडा आहे, नॉर्थ क्लिफ म्हणतात त्याला, आणि त्या कड्यावरून एक पायवाट जाते. एका बाजूला खाली अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला ओळीने उपाहारगृहं, कपड्यांची दुकानं, पुस्तकं वाचत बसलेली माणसं. वाहनं नाहीत. आणि तिथे देशोदेशीचे लोक, बायकासुद्धा, एकेकटे येऊन राहतात. एकटीने टेबल मागितलं तर कुणी मान वर करून बघत नाही. सूर्य समोर समुद्रात बुडतो आणि नंतरही दिवे, माणसं, हंगामातली वर्दळ रात्रीपर्यंत असते. तुमची साडेसहा ते साडेनऊ तिथे निभावेल. भाषेचं म्हणाल तर मोडक्या हिंदी-इंग्रजीत सगळं चालतं, आणि मोडक्या भाषेत कुणी खाजगी चौकशी करत नाही.

खोली कड्याच्या पायवाटेपासून दोन-चार मिनिटांवर घ्या, हेलिपॅड म्हणतात त्या मोकळ्या जागेच्या जवळपास, कारण रिक्षा तिथवर येते. उत्तरेला ओडयमच्या बाजूला शांत, सुरेख रिसॉर्ट आहेत. ती पाहून मोह होईल. ती शांतता दिवसा गोड असते, रात्री आठला खायला उठते. बुकिंग करताना एका व्यक्तीसाठी असं स्पष्ट लिहा, नाहीतर काही ठिकाणी पलंगावर टॉवेलचे हंस आणि गुलाबाच्या पाकळ्या मांडून ठेवतात.

काही गोष्टी जपा. कड्याच्या कडेला सगळीकडे कठडा नाही, माती सुटते, तेव्हा फोटोसाठी टोकाला जाऊ नका आणि अंधार पडल्यावर दुकानांच्या बाजूनेच चाला. सूर्यास्तानंतर पायऱ्या उतरून किनाऱ्यावर जाऊ नका. समुद्राला ओढ आहे. जीवरक्षक असतील तिथेच आणि ते सांगतील तेवढ्याच पाण्यात उतरा. पापनाशम किनाऱ्यावर लोक पितरांचे विधी करतात, तिथे सकाळी अंगभर कपड्यात जा. संध्याकाळी हॉटेलांसमोर बर्फावर ताजे मासे मांडलेले असतात, निवडण्याआधी वजन आणि भाव दोन्ही ठरवून घ्या. तेलाचं मालिश करून घ्यायचं तर बाईच करणार ना, हे आधी विचारा. कुणी पुरुष फार सलगी करू लागला तर उत्तर न देता जवळच्या उपाहारगृहात शिरा. 112 हा क्रमांक पाठ असू द्या.

दिवस भरून टाकू नका, पण एक-दोन कामं ठरवलेली असावीत. सकाळचा योगवर्ग बघा; तासभर माणसांत राहता येतं आणि कुणाशी बोलावं लागत नाही. कप्पिलला खाडी आणि समुद्र शेजारी शेजारी दिसतात, रिक्षाने जाऊन या. एक दिवस तिरुवनंतपुरमला पद्मनाभस्वामींच्या दर्शनाला जा. देवळात साडी लागते, म्हणून एक बरोबर ठेवा. तिथल्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारातल्या राजा रविवर्मा कलादालनात रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत. आपल्या आज्यांच्या देवघरात ज्यांची लक्ष्मी-सरस्वती टांगलेली असायची, ते रविवर्मा वर्कलाच्या जवळच्याच किळिमानूरचे.

आता तिकिटांविषयी, कारण पत्रातलं ‘माझ्याकडे डबे आणि मुलीचे स्वेटर’ हे मला विसरता आलेलं नाही. तिकीट मुलीला काढायला सांगू नका. ती पाच मिनिटांत काढून देईल, पण मग किल्ली नवऱ्याकडून मुलीकडे गेली इतकंच होईल. तुम्ही बँकेत बसून लोकांचे पैसे सांभाळता, हे तुम्हाला जमणार नाही असं अजिबात नाही. एक रविवार द्या. नावात गडबड होते ती इथे: घटस्फोटानंतर आडनाव बदललं असेल आणि आधार कार्ड अजून जुन्या नावाचं असेल, तर तिकीट जुन्याच नावाने काढा. टाइप करताना नकोसं वाटेल, पण विमानतळावर ओळखपत्र आणि तिकीट जुळलं पाहिजे. आधार नव्या नावाने करून घेणं हे परत आल्यावरचं काम.

जाताना मुंबईहून तिरुवनंतपुरमला विमानाने जा, आणि अशी वेळ निवडा की वर्कलाला उजेडात पोचाल. नवं गाव पहिल्यांदा अंधारात पाहू नये. येताना हवी तर नेत्रावती एक्सप्रेस घ्या. ती तिरुवनंतपुरमहून निघून वर्कलाला थांबते आणि कोकण रेल्वेने मुंबईला येते, दुसऱ्या दिवशी. खिडकीशी बसून सावकाश घरी येणं तुम्हाला आवडेल असं वाटतं. 45 वर्षांच्या पुढच्या बायकांना, जागा असेल तर, खालचा बर्थ आपोआप मिळतो.

रडू येईल का? येईल बहुतेक. 19 वर्षांच्या सवयी आहेत, रिक्षावाल्याशी भाव ठरवताना सुद्धा मागे वळून बघाल. येऊ दे. नाशिकच्या घरात रडताना फोन वाजला की आवाज नीट करावा लागतो, तिथे तेवढं तरी करावं लागणार नाही. फक्त एक करा, रडून झाल्यावर तोंड धुऊन खाली जेवायला जा, खोलीत ताट मागवू नका. आणि चार रात्रींनंतर अगदीच राहवेना, तर परत या. रद्द करता येईल अशीच खोली घ्या. लवकर परतलात म्हणून सहल फसली असं कुणी म्हणालं, तर मला लिहा.

आईला ‘लोक काय म्हणतील’चं उत्तर देत बसू नका. तिच्या पिढीने एकट्या बाईचा प्रवास संकटातच पाहिलाय, तिला खरंच भीती वाटतेय. तिला हॉटेलचं नाव, पत्ता, फोन कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, रोज रात्री नऊला फोन करेन असं सांगा आणि तो कराच.

तारखा 15 जानेवारीनंतरच्या घ्या. 30 डिसेंबर ते 1 जानेवारी वर्कलातल्या शिवगिरी मठाची यात्रा असते, केरळचे संत-समाजसुधारक नारायण गुरू यांच्या समाधीला पिवळ्या वस्त्रांत हजारो लोक येतात, गावात पाय ठेवायला जागा नसते. संक्रांतीच्या सुमारास शबरीमलाच्या गर्दीने गाड्या भरलेल्या असतात. 26 जानेवारीच्या आत परत या, म्हणजे जोडसुट्टीचे भाव लागणार नाहीत. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं, तेव्हा रजेचा अर्ज याच आठवड्यात टाका.