राऊटर पीथमपूरला, आपण इंदूरला

प्रश्न : ताई, पॅकेट ट्रेसर या नेटवर्किंगच्या सराव-सॉफ्टवेअरवर सहा महिने सराव केला, कमांड तोंडपाठ आहेत. आता नोकरी लागली आणि बाहेरगावच्या शाखांचे राऊटर इथूनच सांभाळायचे आहेत. पण खऱ्या राऊटरवर एंटर दाबताना हात थांबतो. घरी सरावाला एखादा जुना राऊटर विकत घेऊ का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : हात थांबतोय ते चांगलंच आहे. माझा एकदा थांबला नव्हता.

सियागंजातल्या ऑफिसात बसून मी पीथमपूरच्या कारखान्यातल्या सिस्को राऊटरवर ॲक्सेस लिस्ट, म्हणजे कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं याची यादी, चढवत होते. बाहेरच्या इंटरफेसवर (इंटरनेटकडच्या पोर्टवर) ती लावली आणि स्क्रीन जागच्या जागी गोठली. अशा प्रत्येक यादीच्या शेवटी ‘बाकी सगळं अडवा’ ही न दिसणारी ओळ असते, आणि माझ्या स्वतःच्या एसएसएचला (दुरून राऊटरमध्ये शिरायच्या वाटेला) परवानगी द्यायची राहून गेली होती. कारखान्याचं इंटरनेट बंद, रात्रपाळी सुरू. लॅपटॉप थेट राऊटरला जोडणारी निळी कन्सोल केबल पिशवीत टाकून राऊ गावावरून पीथमपूर गाठलं. लॅपटॉप जोडला, सेकंदाला ९६०० बिटचा वेग लावला, आत शिरले. चूक दोन मिनिटांत सुधारली. तिथे उभी असतानाच ध्यानात आलं की मी बदल सेव्ह केलेलाच नव्हता! चौकीदाराला फोन करून राऊटर बंद-चालू करायला सांगितलं असतं, तरी काम झालं असतं.

हे नीट समजून घे. तू टाइप करतोस ते रनिंग-कॉन्फिग, म्हणजे आत्ता चालू असलेली सेटिंग्ज. ते रॅममध्ये असतं, वीज गेली की पुसलं जातं. स्टार्टअप-कॉन्फिग एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, टिकतं, आणि राऊटर उठताना तेच वाचतो. ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ म्हटल्याशिवाय पहिलं दुसऱ्यात जात नाही. क्लासमध्ये ही ओळ मार्कांपुरती शिकवतात, पण दूरच्या राऊटरवर सगळी भिस्त हिच्यावरच असते.

म्हणून दूरचं काही बदलायचं असेल तर आधी चालू असलेलं चांगलं कॉन्फिग सेव्ह कर, मग ‘रीलोड इन १०’ दे. दहा मिनिटांनी राऊटर आपणहून रीस्टार्ट होईल. मग बदल कर. बाहेर फेकला गेलास तर वाट बघ, राऊटर जुन्या कॉन्फिगसह परत येईल. सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ आणि त्यानंतरच सेव्ह. हा क्रम उलटा झाला तर चुकीचंच कॉन्फिग पक्कं होतं. आणि कॅन्सल विसरलास तर भर कामाच्या वेळी राऊटर रीस्टार्ट होईल, तेव्हा समोर घड्याळ ठेव.

जुना राऊटर घेऊ नकोस. त्याच्या पंख्याच्या आवाजाने घरचे हैराण होतील, आणि सुरुवातीला लागतं ते सगळं पॅकेट ट्रेसरमध्ये आहे. फक्त सरावाची पद्धत बदल. तीन राऊटर जोड, ओएसपीएफ (राऊटर एकमेकांना वाटा कळवतात ती पद्धत) चालव, मग बहिणीला किंवा मित्राला सांग : मी बाहेर जातो, कुठेतरी एक बिघाड करून ठेव. परत आल्यावर काही दुरुस्त करायच्या आधी फक्त ‘शो’च्या कमांडने कारण शोधायचं. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्ये ‘स्टेटस’ आणि ‘प्रोटोकॉल’ हे दोन रकाने बघ. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन’ म्हणजे तो इंटरफेस कुणीतरी बंद केलाय, ‘नो शटडाउन’ दे. दोन्ही डाऊन असतील तर आधी केबल बघ. पहिला अप आणि दुसरा डाऊन असेल तर तार शाबूत आहे, पण दोन टोकांचं बोलणं जुळत नाही. दोन राऊटर थेट जोडणाऱ्या सिरीयल लिंकवर एका बाजूला एचडीएलसी आणि दुसरीकडे पीपीपी (डेटा बांधून पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती) असलं की नेमकं असं होतं. कागदावर आधी अंदाज लिही, मगच कमांड दे. कमांड पाठ असलेली मुलं मला पुष्कळ भेटतात. हे दोन रकाने वाचून कारण सांगणारी फार थोडी.

प्रश्न : वरच्या मजल्यावर वायफाय येत नाही म्हणून दुसरा राऊटर घेतला आणि केबलने पहिल्याला जोडला, तर खालचंही नेट अडखळू लागलं. काय चुकलं?
— एक वाचिका, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : काकू, दोन्ही राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असावा आणि दोघंही घरातल्या फोनना पत्ते वाटत असावेत. वरच्या राऊटरची केबल काढा, लॅपटॉप एकट्या त्यालाच जोडा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (हे पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि त्याचा ॲडमिन पासवर्ड बदला. मग खालून आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात न लावता लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखेच ठेवलेत, तर जिना चढताना फोन पुन्हा जोडत बसावं लागणार नाही.