तीन मैल तर आहेत!

मिल्टन कीन्सहून चार पानी पत्र आलंय, शिवाय चौथ्या पानाच्या समासातही मजकूर. लिहिणारीचं नाव देत नाही, कारण नवराही हे सदर वाचतो असं तिनेच कळवलंय. वाचू दे. आज त्याच्यासाठीही थोडं आहे.

“काकू,” ती लिहिते, “मेच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या सुटीत, आठवडाभर सायकलवर फिरायचं असं नवऱ्याने ठरवून टाकलंय. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ चा. पुण्याहून सासू-सासरे तेव्हा इथेच असतील. नवरा म्हणतो, नॅशनल सायकल नेटवर्कचे रस्ते धरायचे, निळ्या पाटीवर लाल चौकोनात नंबर दिसला की तिथे गाड्या नसतात. मला धडकी भरते. पण बोलले की ‘तू फार घाबरतेस’ म्हणून विषय संपतो.” पुढे सासूबाईंचं काय, जेवणाचं काय, पाऊस आला तर काय, आणि बर्मिंगहॅमच्या जाऊबाई रागावतील त्याचं काय, असे चार प्रश्न आहेत. त्यांना शेवटी एकेक ओळ देते. आज मला त्या लाल चौकोनाबद्दल बोलायचंय.

अगं, ह्याला घाबरणं कोण म्हणेल? तू पोरांच्या बाजूने हिशेब मांडते आहेस एवढंच. तो त्याला दाखव. लाल चौकोनातला नंबर म्हणजे तो रस्ता राष्ट्रीय जाळ्यातला. बस, इतकाच त्याचा अर्थ. २०१८ साली ह्या जाळ्याची पाहणी झाली तेव्हा सोळा हजारांवर मैलांपैकी गाड्या नसलेली वाट जेमतेम एकतृतीयांश निघाली. बाकी सगळा गाड्यांचाच रस्ता, वर पाटी लावलेली. २०२० मध्ये त्यातले हजारो मैल जाळ्यातून काढले किंवा त्यांचा दर्जा बदलला. तरी उरलेल्यात अजूनही निम्म्याहून जास्त रस्ताच आहे. म्हणजे नुसत्या नंबरावर विसंबून निघालात, तर दुपारपर्यंत कुठल्या तरी वळणावर मागून व्हॅन येणार हे नक्की.

आणि तुमची पोरं मिल्टन कीन्सची! तुमच्या गावात रेडवे आहेत, म्हणजे लाल डांबराच्या सायकलवाटा, मोठ्या रस्त्यांच्या खालून अलगद निघून जातात. तिथे शिकलेल्या मुलाला सायकल झकास येते, पण मागची गाडी किती वेगात आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखायची त्याला कधी वेळच आलेली नसते. नवऱ्याने लहानपणी पुण्याच्या लक्ष्मी रोडवरून सायकल काढली असेल. मुलांनी नाही काढलेली.

आता आमची गोष्ट सांगते. आमच्या घरात ती ‘बक्स्टन’ ह्या एका शब्दावर ओळखली जाते.

डर्बीशरमध्ये मोन्सल ट्रेल नावाची साडेआठ मैलांची वाट आहे. पूर्वी तिथून मिडलंड रेल्वेची गाडी जायची. १९६८ मध्ये ती लाइन बंद पडली, आणि २०११ च्या मेमध्ये तिचे बोगदे सायकलींना खुले झाले. पुढच्या वर्षी कोल्हापूरहून नणंद आली होती, सोबत तिची ९ वर्षांची लेक. आमच्या ह्यांनी खोली घेतली बक्स्टनला, कारण तिथे पन्नास पौंड वाचत होते. मी विचारलं, वाट तिथून किती लांब? “तीन मैल तर आहेत!”

ते तीन मैल म्हणजे ए६ हमरस्ता. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून नदी, आणि नदीच्या कडेने वळत गेलेला अरुंद रस्ता. त्या भागात चुनखडीच्या खाणी आहेत, त्यामुळे दगड भरलेले ट्रक सारखे चालू. पहिला ट्रक शेजारून गेला तेव्हा त्याच्या वाऱ्याने पोरीची सायकल हातभर कडेला सरकली. दुसऱ्याला ती उतरली. तिसऱ्यानंतर तिने ब्रेक दोन्ही हातांनी असा आवळून धरला की बोटं सोडवायला मला एकेक करून उलगडावी लागली. उरलेली वाट आम्ही कडेच्या गवतातून सायकली ढकलत गेलो. गवतात नेटल, म्हणजे आपल्या खाजकुइलीची विलायती बहीण. पोटऱ्यांवर लाल गांध्या उठल्या. हे पुढे, मी मागे, मधे नणंद एक अक्षर न बोलता. नणंद बोलत नाही म्हणजे काय, हे ज्यांना नणंद आहे त्यांना सांगायला नको.

पुढचा ट्रेल सुंदरच होता. दिवे लावलेले बोगदे, मोन्सल हेडचा पूल, खाली वाय नदी. पण पोरीला विचारा काय आठवतं. ट्रक. आज ती मोठी झाली आहे, नोकरी करते, तरी ट्रकच. आणि नणंद प्रत्येक लग्नात, पंगतीत शेजारी बसलेल्या बाईला सांगते, “वहिनींनी आम्हाला सायकलवर नेलं होतं ना...”

चूक ट्रेलची नव्हती, नकाशात सगळं बरोबर दाखवलेलं होतं. वाट आम्ही निवडली, पण वाटेपर्यंतची वाट कुणी बघितली नाही. तेव्हापासून मला हा एकच ध्यास लागलाय, आणि घरात माझी त्यावरून थट्टा होते ती होते. गाड्या नसलेली वाट किती लांब आहे ते मला कुणी सांगू नये. ती कुठे तुटते ते सांगावं. अंथरुणापासून वाटेपर्यंत काय आहे, वाट मधे गावात शिरते का, आणि जिथे संपते तिथून परत कसं यायचं, ह्या तीन ठिकाणीच सगळं घोडं पेंड खातं. आम्ही ट्रेलला लागूनच असलेल्या बेकवेल गावात उतरलो असतो तर कल्पनेपलीकडे सोपं होतं.

रेल्वेच्या जुन्या लाइनींवर माझा जीव आहे तो उगाच नाही. तोट्यातल्या लाइनी बंद करा असं सांगणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर इथल्या शेकडो लाइनी बंद झाल्या. रूळ निघाले, भराव आणि बोगदे राहिले. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून ह्या वाटाही सावकाश चढतात, सात वर्षांच्या पायाला झेपेल इतक्या. पण जिथे लाइनीवरचा पूल पाडला किंवा जमीन विकून घरं बांधली, तिथे वाट रस्त्यावर येते. कॉर्नवॉलचा कॅमल ट्रेल घे. वेडब्रिज ते पॅडस्टो साडेपाच मैल, खाडीच्या कडेने, बघत राहावं असं. मात्र बॉडमिनकडून आलात तर मधे वेडब्रिज गावातल्या रस्त्यांतून जावं लागतं. माहीत असलं की काही नाही, सायकली हातात धरून दहा मिनिटं चालायचं. माहीत नसलं की नवरा पुढे निघून जातो आणि बायको चौकात दोन मुलं धरून उभी.

आणि रेल्वे म्हणजे सपाट, हेही डोळे मिटून मानू नकोस. त्याच डर्बीशरमध्ये हाय पीक ट्रेल आहे, सतरा मैलांचा. त्या रेल्वेवर मिडलटनजवळ १ ला ८ असा काहीसा चढ होता, म्हणजे आठ फूट पुढे गेलं की एक फूट वर, तिथे डबे दोराने ओढून घ्यायचे, वर इंजिन बसवलेलं. आपल्या बोरघाटात १ ला ३७ चढ आहे, त्यालासुद्धा कर्जतहून मागे जादा इंजिनं लावतात. आता तूच ठरव, १ ला ८ वर सासरेबुवांना न्यायचं का. जायचंच तर मिडलटन टॉपच्या वरून सुरू करून वरच्या अंगाने फिरा.

तर तुमचा बेत सांगते. आठवडाभर रोज नवं गाव, रोज सामान बांधा, हे सात वर्षांच्या मुलाबरोबर करू नका. एका जागी चार रात्री राहा. आणि ती जागा म्हणजे बाथ शहर.

बाथ ते ब्रिस्टल ही तेरा मैलांची वाट. ह्या देशात जुन्या रेल्वेवर सायकलची वाट करण्याचं मोठं काम पहिल्यांदा तिथेच झालं, १९७९ ते १९८६ च्या दरम्यान. रुंद, डांबरी. माझ्या कसोटीला ती उतरते, कारण बाथ स्टेशनजवळून नदीच्या काठाकाठाने सायकल थेट त्या वाटेला लागते. पूर्ण तेरा मैल जायचा हट्ट नको. ब्रिस्टलच्या टोकाला शेवटी शहरातले रस्ते आहेतच. बिटनपर्यंत जा, साधारण सहा-सात मैल. वाटेत ॲव्हन नदी पुन्हापुन्हा पुलावरून ओलांडता येते, आणि बिटनला जुनं स्टेशन जपून ठेवलंय. तिथल्या हौशी मंडळींची वाफेची गाडी काही दिवस वाटेच्या शेजारून धावते. मुलगा तिथून हलणार नाही, हे मी लिहून देते.

दुसऱ्या दिवशी टू टनेल्स. २०१३ मध्ये उघडलेली वाट, त्यात कूम डाउनचा बोगदा १,६७२ मीटर. मैलापेक्षा जास्त अंधार म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येईल, पण आत दिवे आहेत, आणि मधोमध भिंतीतून संगीत ऐकू येतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, कुणी मागे रेडिओ लावून येतंय. आत मेमध्येसुद्धा गारठा असतो, तेव्हा स्वेटर हाताशी ठेवा आणि सायकलींना आपापले दिवे लावा. बोगद्यातून बाहेर पडून मिडफर्डपर्यंत जा आणि तिथून आल्या वाटेने परत फिरा. तिथून पुढे कॅनॉलकडे जाणारी फेरी नवऱ्याला नकाशात मोहात पाडेल. तिच्यात गाड्या येणारा अरुंद रस्ता आहे. परत फिरा म्हणजे फिरा.

तिसऱ्या दिवशी कॅनॉलच्या काठाने ब्रॅडफर्ड-ऑन-ॲव्हनकडे, पण हळू. काठवाटेवर चालणाऱ्यांचा मान पहिला, पुलाखाली जागा एका माणसाची, आणि एका बाजूला पाणी. घंटी वाजवायला शिकवा. इथे लोक “थँक यू” म्हणतात, रागावत नाहीत.

मुलं ह्यात रमली तर पुढच्या वर्षी यॉर्क. तिथे यॉर्क-सेल्बी मार्गावर आख्खी सूर्यमाला मापात मांडलीय. सूर्य यॉर्ककडे, आणि प्लूटोपर्यंत साडेसहा मैलांच्या आसपास. “अजून किती लांब?” ह्या प्रश्नाला “शनी येऊ दे” असं उत्तर देता येतं.

खोली ठरवण्याआधी मात्र एक कर. बोट नकाशावर ठेव, खोलीच्या दारापासून वाटेपर्यंत ने, आणि तेवढा तुकडा रस्त्याच्या फोटोंमध्ये पायरी-पायरीने बघ. पदपथ आहे का, किती रुंद, रस्ता कुठे ओलांडायचा. इंग्लंडमध्ये फुटपाथवर सायकल चालवायची नाही, पण हातात धरून चालायला कुणाची मनाई नाही. तुटलेला तुकडा पायी जाता येत असेल तर तो तुकडा नाहीच असं समज. नवरा म्हणेल, सायकलवर येऊन चालायचं? हो, चालायचं. आमच्या ह्यांना बक्स्टननंतर चालताना काही लाज वाटत नाही.

आता तुझे बाकीचे प्रश्न. सासऱ्यांना तिथेच बॅटरीची सायकल भाड्याने घ्या. पुण्यात आयुष्यभर सायकल मारलेल्या माणसाला अर्ध्या तासात जमते. पण ती चालवायला इथे १४ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा लेकीने हट्ट धरला तरी नाही. सासूबाईंना गाडीने बिटनला सोडा. चहा, बाक आणि येणारी-जाणारी माणसं, त्यांचा दिवस तुमच्याहून बरा जाईल. तुमच्या सायकली गाडीच्या मागे बांधून नेणार असाल तर नंबरप्लेट झाकली जाते, वेगळी लावून घ्या. जेवणाला पोळी-भाजीचे रोल, त्यात एवढं लिहिण्यासारखं काय होतं? पाऊस येणारच. जाऊबाई रागावणारच, त्यांना आधी फोन कर, पाऊस पडला तर येऊ असं सांग, म्हणजे दोन्ही प्रश्न एकात सुटले.

आणि खोलीवाल्या बाईंना फोन लावशील तेव्हा वाट जवळ आहे का असं विचारू नकोस, त्या हो म्हणतील. विचार की सात वर्षांचं मूल सायकल हातात धरून तुमच्या दारातून वाटेपर्यंत चालत गेलं तर सगळीकडे फुटपाथ आहे का. “गाडीने तर दोनच मिनिटं!” असं उत्तर आलं, की गोड बोलून फोन ठेव आणि दुसरी खोली बघ.