बागेतला लव्हाळा कितीही उपटला तरी आठवड्याभरात परत उगवतो. मीठ टाकलं तर जाईल का?

मीठ नको. लव्हाळा जाईल की नाही कोण जाणे, पण शेजारचा मोगरा नक्की जाईल. व्हिनेगरनं नुसती पानं करपतात.

आधी तो लव्हाळाच आहे ना ते बघा. फुलाचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात.

त्याचा जीव जमिनीखालच्या काळपट गाठींत असतो. (ह्याच गाठी नागरमोथा म्हणून उटण्यात पडतात!) बारीक दोऱ्यात ओवल्यासारख्या त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पात ओढली की दोरा तुटतो आणि गाठ आतच राहते. शिवाय साखळी अखंड असेपर्यंत बऱ्याच गाठी निजून असतात, तुटली की त्याही फुटतात. म्हणून पावसाळ्यात ओल्या मातीत कुदळ मारली तर तो आणखी दाट होतो.

खणायचं ते एप्रिल-मेमध्ये. वाफ्याचं पाणी तोडा, वीतभर खोल माती उलथा, ढेकळं फोडा आणि उन्हात तापू द्या. दिसतील त्या गाठी वेचा. बाकीच्या उन्हानं वाळून मरतात, ओल मात्र अजिबात मिळता कामा नये. वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका.

पाऊस सुरू झाला की थोडे कोंब येतीलच. नवी पात साधारण तीन आठवड्यांनी खाली नव्या गाठी धरायला लागते, त्याआधी ती काढायची. दर पंधरवड्याला फेरी मारा, मग जुन्या गाठींतला साठा हळूहळू संपतो. त्याला सावली सोसत नाही, तेव्हा मोकळ्या जागी ताग, चवळी किंवा रताळ्याचे वेल दाट लावा. काळं प्लास्टिक अंथरायचा सल्ला बरेच देतात, पण लव्हाळ्याचं टोक ते भोसकून वर येतं.

तणनाशक? उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन वापरतात, पण फुलझाडांच्या मिश्र बागेत मी ते मारणार नाही. ग्लायफोसेट हिरव्या पानावर पडेल ते झाड मारतं, आणि ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच वापरावं असा आदेश केंद्रानं 2022 मध्ये काढला होता.

एका उन्हाळ्यात सगळा जाणार नाही, दोन-तीन धरून चाला. आणि नर्सरीतून रोप आणलं की लावण्याआधी पिशवीतली माती चाळून बघा, बऱ्याचदा गाठी तिथूनच येतात.