एका वेळी एकच फरक

(या महिन्याचा विषय व्हिस्की. उत्तरं देणारे आमचे सदरलेखक सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने ते मुलीकडे, केंटकीतल्या लुईव्हिलला असतात.)

काका, पुतण्याने अमेरिकेहून मेकर्स मार्क आणि वाइल्ड टर्की १०१ अशा दोन बाटल्या आणल्या. दोन्ही बर्बन (म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की), पण एक गोड लागते आणि दुसरी घसा जाळते. कट्ट्यावर दोन तट पडलेत. चांगली कोणती, हे ठरवायचं कसं? – एक वाचक, पुणे

तट पडू द्या. पण बाटलीवरचा आकडा कोणी वाचला का? मेकर्स मार्क ४५ टक्के अल्कोहोलची आहे आणि वाइल्ड टर्की साडेपन्नास टक्क्यांची. घसा जळण्याचा बराचसा हिशोब तिथेच मिटतो. वाइल्ड टर्कीच्या ३० मिलीत चहाचा पाऊण चमचा पाणी घाला. झाल्या दोन्ही पंचेचाळीसच्या. आता जो फरक उरेल, त्यावर खुशाल भांडा.

उरलेला फरक मुख्यतः धान्याचा. बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका हवा, असा अमेरिकेचा कायदा आहे. बाकीचं काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मेकर्स मार्कवाले ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि १४ टक्के माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, घेतात. वाइल्ड टर्कीत ७५ टक्के मका, १३ टक्के राय आणि १२ टक्के माल्ट. राय हे गव्हाच्या गोतातलं धान्य, आपल्याकडे फारसं दिसत नाही. मिरी, लवंग, क्वचित पुदिना असा जो वास येतो तो त्याचा. गहू स्वतः गोडवा आणतो असं मला वाटत नाही. तो मक्याच्या आड येत नाही, एवढंच.

तर कट्ट्यासाठी पद्धत. तीन ग्लास घ्या. दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. कशात काय ते फक्त ओतणाऱ्याला माहीत, आणि त्याने पिणाऱ्यांसमोर यायचं नाही, कारण चेहरा बोलतो. प्रयोगशाळेत नमुने आम्ही असेच लावत असू. वेगळा ग्लास ओळखा, एवढंच विचारायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतो, म्हणून ग्लास बदलून पुन्हा फेरी घ्यायची. घोट पाच मिलीचा पुरे, नाहीतर शेवटच्या फेरीला सगळंच उत्तम लागतं. ज्याला वेगळा ग्लास ओळखता येत नाही, त्याने चांगली-वाईट ठरवायच्या भानगडीत पडू नये.

चकणा आधी उचलून ठेवा. लसूण शेव आणि कच्चा कांदा तोंडात असताना व्हॅनिला शोधणारे लोक मी पाहिलेत, त्यांना तो सापडतोही! मध्ये कोमट पाणी प्या. नाक ग्लासात खुपसू नका. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगलं की अल्कोहोलचा झणका कमी लागतो.

मला स्वतःला वाइल्ड टर्की आवडते, ते चमचाभर पाणी घालून. ही आवड झाली, निकाल नव्हे.

आणि यीस्टबद्दल कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. केंटकीतल्याच लॉरेन्सबर्गच्या फोर रोझेस डिस्टिलरीकडे धान्याची दोन मिश्रणं आणि यीस्टचे पाच वाण आहेत. त्यातून दहा वेगवेगळ्या बर्बन निघतात. कुठला वाण फळांचा वास देतो, कुठला फुलांचा. आमच्याकडे यीस्टला एकच प्रश्न असायचा: मळीच्या टनामागे स्पिरिट किती लिटर देतोस? मुलीने मला पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हा गाइड पुढच्या दालनात गेली तरी मी आंबवणाच्या टाकीपाशीच उभा होतो.

स्कॉच बारा वर्षांची, बर्बन चार-सहा वर्षांची. मग बर्बन कच्चीच नाही का? – एक वाचक, नागपूर

नाही. वय पिंपात मोजायचं असतं, आणि पिंप कसलं आहे, ठेवलंय कुठे, यावर सगळं अवलंबून. बर्बनला आतून जाळलेलं, कोरं ओकचं पिंपच लागतं. एकदा वापरलं की त्यात पुन्हा बर्बन भरता येत नाही. मग ती पिंपं स्कॉटलंडला, आयर्लंडला जातात. म्हणजे तुमची बारा वर्षांची स्कॉच बहुधा बर्बनने आधीच पिऊन घेतलेल्या लाकडात मुरलेली असते. कोऱ्या, जळक्या लाकडातून व्हॅनिला आणि जळलेल्या साखरेचा वास भराभर उतरतो. जास्त वर्षं ठेवलं तर लाकूडच चघळल्यासारखं लागतं. पंधरा-वीस वर्षांच्या बर्बनसाठी लोक वाटेल ती किंमत मोजतात, मोजोत बापडे.

दुसरी गोष्ट हवेची. केंटकीत जुलैमध्ये घामाच्या धारा आणि जानेवारीत बर्फ. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. वर्षाला साधारण तीन ते पाच टक्के उडून जाते. स्कॉटलंडच्या गारव्यात दोनच टक्के. आणि आपल्या बंगळूरला? दहा-बारा टक्के. तिथल्या अमृत डिस्टिलरीने आठ वर्षांच्या एका व्हिस्कीला ‘ग्रीडी एंजल्स’ असं नावच दिलं. उडालेला भाग देवदूत पितात अशी तिकडची म्हण, आणि आपले देवदूत जरा जास्तच तहानलेले. तेव्हा बंगळूरची पाच वर्षं आणि स्कॉटलंडची पाच वर्षं एकाच मापाने मोजू नका.

लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ दिसलं तर मात्र नीट वाचा. १८९७चा कायदा आहे. एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, निदान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची. त्या काळी व्हिस्कीत काय काय मिसळून विकत, त्याला घातलेला हा लगाम. वयाच्या मोठ्या आकड्यापेक्षा माझा या तीन शब्दांवर जास्त विश्वास आहे.

जॅक डॅनियल्स बर्बन आहे का? नवरा म्हणतो हो, दीर म्हणतात नाही. – एक वाचक, सातारा

नवरा आणि दीर दोघांचंही राहील असं उत्तर आहे. मका ८० टक्के, पिंप कोरं आणि जाळलेलं, म्हणजे नियम बहुतेक सगळे बर्बनचेच. पण पिंपात भरण्याआधी ती शुगर मेपलच्या कोळशाच्या सुमारे दहा फूट थरातून थेंबथेंब गाळतात, आणि बाटलीवर लिहितात ‘टेनेसी व्हिस्की’. तरुण जॅकला दारू गाळायला शिकवलं ते निअरेस्ट ग्रीन या गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीय माणसाने. हे नाव कंपनीने ठळकपणे सांगायला अगदी अलीकडे सुरुवात केली. ती जिथे बनते तो लिंचबर्गचा परगणा कागदोपत्री अजून कोरडा आहे, आपल्या वर्ध्यासारखा.

आमच्या घरापासून जवळच कुंकळ्ळीला पॉल जॉनचा कारखाना आहे. पण मुंबईचे मित्र म्हणतात, भारतीय व्हिस्की म्हणजे रंगवलेली रम. खरं काय? – एक वाचक, मडगाव

मित्रांचं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यात माझी नोकरी आहे. स्वस्त देशी व्हिस्कीत मुख्य माल पुष्कळदा, रमसारखंच, मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं. आम्ही ते ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध करत असू. तिथवर नेलं की उसाचा वासही राहत नाही आणि दुसरा कसलाही नाही. मग त्यात माल्ट स्पिरिट, थोडी स्कॉच, रंग, वास. युरोपच्या कायद्यात याला व्हिस्की म्हणता येत नाही, तिथे धान्यच लागतं. बर्बनच्या कायद्यात ८० टक्क्यांच्या वर गाळायलाच बंदी आहे, ती याच कारणासाठी: धान्याची चव मागे राहावी. रंग घालायलाही मनाई. आमचं स्पिरिट वाईट नव्हतं, चोख होतं, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

पॉल जॉनची सिंगल माल्ट मात्र पूर्ण बार्लीची आणि गोव्याच्या उकाड्यात पिंपात मुरलेली. त्यांची ‘ब्रिलियन्स’ ४६ टक्क्यांची, धुराचा वास नसलेली आणि बर्बनच्या वापरलेल्या पिंपांतली आहे. ती मेकर्स मार्कशेजारी ठेवा, ताकद जवळपास सारखीच. दोन्हींत व्हॅनिला सापडेल, एकीत नव्या लाकडाचा, दुसरीत उष्टा. त्याखाली एकीकडे मका, दुसरीकडे बार्ली. मडगावकरांना यासाठी विमानतळ गाठायची गरज नाही, याचा मला हेवा वाटतो.

पाणी, बर्फ, सोडा – चांगल्या व्हिस्कीत घालावं का? – एक वाचक, ठाणे

पाणी जरूर. २०१७मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंचं वागणं मांडून दाखवलं, की पाणी वाढलं की ग्वायाकोलसारखे वासाचे रेणू पृष्ठभागाकडे येतात. नाकाला हे आधीच ठाऊक होतं. बर्फ मात्र वास गोठवतो. तुलना करताना नको, एरवी मे महिन्यात ठाण्यात राहून ‘नीटच (म्हणजे काही न मिसळता) पिणार’ म्हणणाऱ्याला माझा नमस्कार. सोडा घाला, कोला घाला, पैसे तुमचे आहेत. फक्त कोला घालून मग दोन बर्बनमधला फरक मला विचारू नका.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते? – एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या गावात हा प्रश्न पडतो, हेच नवल. बुच घट्ट लावा, उभी ठेवा, ऊन लागू देऊ नका. निम्मी रिकामी झाली की आतल्या हवेने चव हळूहळू मंदावते, काही महिन्यांत संपवा. न उघडलेली बाटली कितीही ठेवली तरी वय वाढत नाही. वाढतं ते फक्त पिंपात.

वडिलांच्या कपाटात जुनी देशी व्हिस्की सापडली. लेबलवर ‘७५ डिग्री प्रूफ’ आहे. वाइल्ड टर्की तर १०१ प्रूफ असते. म्हणजे ही फिकी? – एक वाचक, संभाजीनगर

प्रूफ हे अल्कोहोलच्या ताकदीचं माप, आणि ही दोन्ही प्रूफ वेगवेगळी. तुमच्या वडिलांच्या बाटलीवरचं ब्रिटिश माप आहे. त्यात १०० म्हणजे ५७.१ टक्के, म्हणून ७५ म्हणजे ४२.८ टक्के. आपल्या दुकानातल्या बाटल्यांवर आजही दिसणारा तो चमत्कारिक ४२.८ आकडा तिथूनच आला. अमेरिकन प्रूफ सरळ दुप्पट, म्हणून १०१ म्हणजे साडेपन्नास टक्के. आपल्या जुन्या मापात वाइल्ड टर्की ८८च्या आसपास भरली असती. फिकी आहेच, पण १०१ आणि ७५ वाचून वाटते तेवढी नाही. बाटलीचं सील शाबूत असेल तर उघडा आणि नव्या देशी व्हिस्कीशेजारी ठेवून बघा. दोन्हींवर ४२.८ असेल तर पाण्याचा चमचासुद्धा लागणार नाही.