बोलता न येण्याचे ते पाच महिने

तू विचारलंयस ते असं: कोल्हापूरहून एका सेमिस्टरसाठी जर्मनीत आलीस, दोन महिने झाले. 'एक्सचेंजला गेलं की माणूस बदलून येतो' असं सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि तू मात्र वर्गातून खोलीत, खोलीतून वर्गात. भाषा अडते, वर्गात तोंड उघडत नाही, रोज दोन तास घरी फोन. संधी वाया घालवतेय का?

मी २०१४ च्या हिवाळी सेमिस्टरला पुण्याहून जर्मनीतल्या ग्योटिंगन विद्यापीठात गेले होते. डिसेंबरात मी नेमकी तुझ्याच जागी होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अंधाराचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे गेली, भारताशी असलेलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर गेलं. आता सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. तुझा शेवटचा तास संपेपर्यंत घरी जेवणं उरकून निजानीज झालेली असते. तुला जे जड जड वाटतंय त्यातलं बरंचसं या उजेडाचं आहे, तुझ्या स्वभावाचं नाही. दुपारी ऊन असो-नसो, अर्धा तास बाहेर चालून ये. आणि सकाळी अंथरुणातून उठवतच नसेल, जेवण जात नसेल, तर विद्यार्थ्यांसाठी मेन्सा (म्हणजे खानावळ) आणि वसतिगृहं चालवणारं जे श्टुडियरेंडनवेर्क आहे, त्यांच्याकडे समुपदेशनाचीही सोय असते. जा तिथे. त्यात कमीपणा काही नाही.

आता मुख्य गोष्ट. मी शाळेपासून वक्तृत्व स्पर्धांतली मुलगी. घरात पाहुणे आले की मीच बोलणार, कॉलेजात सूत्रसंचालन माझ्याकडेच. मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकून गेले होते, पण सेमिनारमध्ये मनात वाक्य जुळवून क्रियापद शेवटी नेईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. नोव्हेंबरात माझी टँडेम मैत्रीण (मी तिला इंग्रजीत मदत करायचे, ती मला जर्मनमध्ये) सहज म्हणाली, "तू मुळातच शांत आहेस ना?" वीस वर्षांत मला कुणी शांत म्हटलं नव्हतं. त्या रात्री खोलीवर येऊन मी खूप रडले. ज्या एका गोष्टीवर माझी ओळख उभी होती, तीच तिथे कुणाला दिसत नव्हती.

पण बोलता येईना म्हणून मी ऐकायला लागले. सेमिनारमध्ये प्राध्यापकांनी प्रश्न टाकला की वर्ग कधी कधी वीस-वीस सेकंद गप्प बसायचा आणि त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही. कुणीतरी सावकाश सुरुवात करायचं, अडखळायचं, बाकीचे थांबायचे. मी पुण्यात असते तर तिसऱ्या सेकंदालाच त्याचं वाक्य पुरं करून टाकलं असतं. आयुष्यभर मी तेच करत आले होते, हे मला तिथे कळलं.

मग एका रविवारी आजीला फोन केला. मी दमलेली होते, नेहमीसारखी बडबड सुचेना. पलीकडे आजी थोडा वेळ गप्प, आणि मग तिने आपणहून सांगायला घेतलं. लग्न होऊन देवगडकडच्या खेड्यातून सतराव्या वर्षी ती पुण्यात वाड्यावर आली. मालवणी बोलली की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "सहा म्हयने मी तोंड उघडूक नाय," ती म्हणाली. "नळावर जायचं, भांडी घासायची आणि वर यायचं." मी तिच्याच मांडीवर वाढले, तरी हे मला ठाऊक नव्हतं. मी तिला कधी थांबून बोलूच दिलं नव्हतं. एक्सचेंजने मला काय दिलं असं कुणी विचारलं, की मला पहिल्यांदा तो फोन आठवतो.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. फ्लॅटमधल्या मुलीने एकदा सरळ तोंडावर सांगितलं, "तू कुकर रात्रभर सिंकमध्ये ठेवतेस, मला ते आवडत नाही." मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिला मात्र आमचं भांडण झालंय याचा पत्ताच नव्हता. त्याच संध्याकाळी तिने मला फिरायला येतेस का विचारलं होतं. तक्रार भांड्याबद्दल होती आणि तिथेच संपली होती. हळूहळू मलाही 'आज जमणार नाही', 'मला हे कळलं नाही, पुन्हा सांगाल का' म्हणता यायला लागलं. (परत आल्यावर हाच सरळपणा मी काकूंवर चालवला आणि त्या दुखावल्या. शिकलेलं जसंच्या तसं घरी चालत नाही. त्यांची माफी मागितली.)

ग्योटिंगनचा आणि पुण्याचा एक जुना धागा आहे, तो मला तिथेच कळला. फ्रान्झ कीलहॉर्न हे आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. १८८२ साली ते ग्योटिंगनला गेले. संस्कृत पंडित रा. गो. भांडारकरांना १८८५ मध्ये पीएच.डी. दिली ती याच विद्यापीठाने. मला भिडलं ते वेगळंच: हे कीलहॉर्न पुण्यात प्राध्यापक असतानाही इथल्या शास्त्र्यांपुढे बसून व्याकरण शिकले. 'मला येत नाही' हे त्यांना परक्या गावात म्हणता आलं. मला ते वर्गात म्हणायला जानेवारी उजाडला.

म्हणून बदल मोजत बसू नकोस. आत्ता तुला बोलता येत नाही, हेच तुझं तिथलं काम आहे असं समज. घरचा फोन बंद करू नकोस, पण त्यातला एक तास वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बाकीच्यांसोबत टेबलावर बसायला दे. नामाआधीचं आर्टिकल (डेर, डी, डास) चुकलं तरी वाक्य पुरं कर. पुढच्या आठवड्यात एका प्राध्यापकांना तासानंतर गाठून न कळलेली एकच गोष्ट विचार.

आणि नाताळाचं आत्ताच ठरव. सगळे घरी जातात, वसतिगृह रिकामं होतं. पहिल्यांदा राहणाऱ्याला ते फार अंगावर येतं. कुणी घरी बोलावलं तर भिडेपोटी नाही म्हणू नकोस. ते मनापासूनच बोलावतात. नाहीच कुणी बोलावलं, तर मागे राहिलेल्यांना तूच पिठलं-भाताला बोलाव. २४ तारखेला दुपारीच दुकानं बंद होतात, २५ आणि २६ ला पूर्ण बंद. बेसन, तांदूळ, कांदे २३ लाच आणून ठेव.